निळ्या पाण्याची बाटली

भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, म्हणजे शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना नमस्कार. कुणाची कांद्याची खुरपणी चालू असेल, कुणी चुलीपुढे असेल. काम थांबवू नका, रेडिओ जवळ ओढून घ्या. आज मी रंगाबद्दल बोलणार आहे. निळ्या रंगाबद्दल. आणि त्यात माझी एक चूकही सांगणार आहे, कारण ती लपवून पुढचं सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीला एक सर आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. त्यांनी बॅगेतून एक काचेची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. आत निळं पाणी होतं. आपण कपड्यांना नीळ देतो तसं नव्हे, त्याहून उजळ, मोराच्या मानेसारखं. खिडकीतलं ऊन बाटलीवर पडलं तशी एका बाजूनं त्यात लालसर झाक दिसली. सगळ्या बायका पुढे सरकल्या. सर म्हणाले, "ताई, हा रंग कारखान्यातला नाही. हा शेवाळाचा रंग आहे. परदेशात किलोला हजारो रुपयांनी जातो. टाकी आम्ही बांधून देऊ, बियाणं आम्ही देऊ, माल आम्हीच उचलू. गटानं फक्त दीड लाख भरायचे."

आमच्या गटाला तेव्हा बँकेचं कर्ज नुकतंच मंजूर झालं होतं. आणि त्या सरांना बैठकीत बोलावलं होतं मीच. मी त्यांची पत्रिका वाचली होती, त्यावरचे फोटो बघितले होते, आणि मला वाटलं, शेळ्या आणि शिवणकाम सोडून काहीतरी नवीन होईल. माझं बीए झालं ते इतिहास घेऊन. शेवाळाचं मला काय कळणार? पण मी बायकांना सांगितलं, "चांगलं आहे, करू या." समन्वयक ताई म्हणते म्हणजे बरोबरच असणार, असं धरून बायका अंगठा द्यायला तयार झाल्या.

थांबवलं ते आमच्या गटातल्या एका काकूंनी. त्या उन्हाळ्यात कुरडया-शेवया करून विकतात. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, तुम्ही नेणार ते ओलं का वाळलेलं? आणि निळं कमी निघालं तर पैसे कुणाचे कापणार?" सरांनी करारपत्र दाखवलं. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, माल गुणवत्तेनुसार घेतला जाईल. गुणवत्ता ठरवणार कोण, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "मग आधी कुणाचं तरी चालू असलेलं दाखवा."

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. तो तुम्हाला सांगते, कारण ही बाटली उद्या तुमच्याही बैठकीत येऊ शकते.

बाटलीतला रंग खरा होता, हे आधी सांगते. त्याचं नाव फायकोसायनिन. तो निघतो स्पिरुलिनातून. स्पिरुलिनाला आपण शेवाळ म्हणतो, पण विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ वेगळं आणि हे वेगळं. हा डोळ्यांना न दिसणारा जीव आहे, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर फोनच्या जुन्या वायरीसारखा वेटोळा दिसतो. शास्त्रज्ञ त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, आणि खरं तर तो जिवाणूंच्या कुळातला आहे. झाडाच्या पानात हिरवं द्रव्य असतं ना, ऊन पकडायला? ते ह्याच्यातही आहे. पण हिरव्या द्रव्याच्या तावडीतून काही ऊन सुटतं, नारिंगी-तांबूस रंगाचं. ते पकडायला ह्या जिवानं दुसरं द्रव्य ठेवलंय. ते नारिंगी ऊन गिळतं आणि निळं परत टाकतं, म्हणून आपल्याला निळं दिसतं. हे द्रव्य म्हणजे एक प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा भाग कसा प्रथिन, तसं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

निळ्याला एवढा भाव का? तुम्ही आठवून बघा. पिवळ्याला आपल्याकडे हळद आहे, लालला बीट, केशरीला शेंदरी, हिरव्याला पालक. खाण्यात घालायला निळं काय आहे? जांभूळ म्हणाल, तर ते जांभळं. कुंपणावरचा निळा गोकर्ण आहे, त्याच्या फुलांचा काढा अगदी निळा होतो, पण लिंबू पिळलं की जांभळा. कापडाला नीळ पूर्वी झाडापासून यायची. जर्मन कंपनीनं १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि नीळ पिकवणारे शेतकरी हळूहळू संपले. खाण्याच्या पदार्थांत आज जो निळा दिसतो, पेप्सीकोल्यात, केकवर, गोळ्यांत, तो बहुतेक रासायनिक असतो. आपल्या देशात असे दोन निळे रंग चालतात, ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन, तेही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मापातच. पण जत्रेतल्या गोळेवाल्याकडे माप कोण बघतं? २०२४ साली तामिळनाडूनं म्हातारीचे केस विकायला बंदी घातली, कारण त्यात ऱ्होडामिन नावाचा रंग सापडला, कापड रंगवायचा. तो गुलाबी होता, निळा नव्हता, पण रंगाच्या मोहात आपण पोरांना काय चारतो ते त्यावरून कळतं. गुऱ्हाळाच्या पट्ट्यात राहणाऱ्या दौंडच्या बायकांना हे मी वेगळं सांगायला नको. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काय काय घालतात, आणि साधा काळसर गूळ गिऱ्हाईक कसं बाजूला सारतं, ते तुम्ही बघताच.

म्हणून जगभर नैसर्गिक निळ्याचा शोध चालू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं स्पिरुलिनाचा निळा अर्क गोळ्या आणि च्युइंगगममध्ये घालायला २०१३ साली परवानगी दिली. पुढे आइस्क्रीम आणि इतर पदार्थही त्यात आले. सौंदर्यप्रसाधनांतही तो जातो. आणि तो लाल झाक दाखवतो म्हणाले ना मी, तो त्याचा खास गुण. उजेड पडला की ही द्रव्यं स्वतः लालसर चमकतात. ह्याच कुळातली द्रव्यं प्रयोगशाळेत रक्ताच्या पेशींवर खूण करायला वापरतात.

समुद्रातही असा एक निळा जीव आहे. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर मारेन नावाचं गाव आहे. तिथं खाऱ्या पाण्याच्या उथळ तळ्यांत कालवं वाढवतात, आपल्या कोकणातही कालवं खातात. त्या तळ्यांत होडीच्या आकाराचं एक सूक्ष्म शेवाळ वाढतं, हॅसलिया त्याचं नाव. त्याची दोन्ही टोकं निळी. ते निळं पाण्यात उतरतं, कालवांच्या कल्ल्यांत जाऊन बसतं आणि कालव हिरवं दिसायला लागतं. दुसरीकडे कालव हिरवं दिसलं तर माणूस फेकून देईल. तिथं त्याच हिरव्या कालवांना जास्त भाव मिळतो. १८८६ साली लँकेस्टर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं ह्या रंगाला गावावरूनच नाव दिलं, मारेनिन. प्रयोगशाळेत तो काही रोगजंतूंना आवर घालताना दिसलाय, त्यामुळे शिंपल्यांच्या पिल्लांना रोगापासून वाचवायला वापरता येईल का, ह्यावर काम चालू आहे. आपल्या दारात काही ते येणार नाही, समुद्र आपल्यापासून लांब. पण मला ती गोष्ट आवडली, म्हणून सांगितली.

आपल्या जवळचं म्हणाल तर लोणार. बुलढाणा जिल्ह्यात, उल्का पडून झालेलं सरोवर. त्याचं पाणी खारं आणि सोड्याचं, आणि स्पिरुलिनासारख्या जिवांना तसलंच पाणी लागतं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. ते मात्र दुसऱ्या मीठखाऊ सूक्ष्मजीवांमुळे, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. सोड्याच्या पाण्यात दुसरं फारसं काही जगत नाही, म्हणून स्पिरुलिना तिथं निवांत वाढतो. आफ्रिकेत चाड नावाचा देश आहे, तिथल्या कानेम भागातल्या बायका पिढ्यान् पिढ्या अशाच तळ्यांवरून तो गोळा करतात. पाण्यावरची दाट साय भांड्यानं काढायची, वाळूवर ओतून पाणी जिरू द्यायचं आणि उन्हात वड्या वाळवायच्या. त्याला दिहे म्हणतात. भरडधान्याच्या जाड पिठल्याबरोबर कालवण करून खातात. हे वाचलं तेव्हा मला एकदम आपली बाजरी आठवली. ह्या बायका टेबलावर बाटली ठेवणाऱ्या सरांची वाट बघत बसल्या नाहीत.

आता नदीपलीकडची गोष्ट. काकूंच्या म्हणण्यावरून आम्ही चार जणी एका गटाला भेटायला गेलो. त्यांनी पाडव्याला त्याच माणसाकडून टाकी घेतली होती. पहिले दोन महिने हिरवंगार आलं, त्या खूष होत्या. मग उन्हाळा तापला, टाकीवर शेडनेट नव्हतं, पाणी चाळीसच्या वर गेलं आणि वाढ थांबली. पुढे पाऊस पडला, टाकीत पाणी भरलं, सोडा पातळ झाला आणि दुसरंच शेवाळ शिरलं. आम्ही गेलो तेव्हा टाकीत पिवळट पाणी आणि डासांच्या अळ्या होत्या. घरात सहा किलो वाळलेला माल पोत्यात पडून होता. माल घेणारे म्हणाले होते, निळा कमी आहे. नंतर फोन लागेना. त्या वहिनी रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "ताई, हप्ता तर भरावाच लागतो. ऊसतोडीला जाऊन भरतोय."

घरी आले आणि कागद-पेन घेऊन बसले. तुम्हीही माझ्याबरोबर हिशेब करा. दहा फूट बाय वीस फुटांची टाकी म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. गावपातळीवर नीट सांभाळलेल्या टाकीत एका चौरस मीटरला दिवसाकाठी पाच ते दहा ग्रॅम वाळलेला स्पिरुलिना मिळतो. म्हणजे रोज नव्वद ते एकशे पंच्याऐंशी ग्रॅम. महिन्यात पंचवीस दिवस काढला तर सव्वादोन ते साडेचार किलो. त्यात निळं द्रव्य समजा शंभरात दहा ते पंधरा ग्रॅम. म्हणजे सगळं नीट झालं तरी महिन्याला पाव किलो ते फार तर पाऊण किलो, आणि काढताना, गाळताना वाया जातं ते वेगळं. सरांनी आम्हाला सांगितलं होतं, महिन्याला पाच किलो निळी पावडर. एवढा साधा गुणाकार मी बैठकीआधी केला नव्हता.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. हा रंग विकताना एक आकडा बघतात, यंत्रावर मोजून. तो साधारण ०.७ असेल तर खाण्याच्या रंगाचा दर्जा, ४ च्या वर गेला तर प्रयोगशाळेचा. वरच्या दर्जाला भाव जास्त असतो. त्याला मोठी यंत्रं लागतात, थंड खोल्या लागतात. आपल्या शेडमध्ये ते होणार नाही. आणि बाजारही एका जागी थांबत नाही. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेनं गॅल्डिएरिया नावाच्या दुसऱ्या शेवाळाचा निळा रंग मान्य केला. तो आंबट पदार्थात जास्त टिकतो.

स्पिरुलिनाचा का टिकत नाही, ते घरी बघा. कुणाकडे चांगल्या दुकानातली स्पिरुलिना पावडर असेल तर एक चमचा पेलाभर गार पाण्यात घाला, रात्रभर गार जागी ठेवा आणि सकाळी मलमलच्या दुहेरी फडक्यातून अलगद गाळा. खाली निळं पाणी येईल. त्याचे तीन भाग करा. एकात लिंबू पिळा, रंग फाटेल, नासलेल्या दुधासारखा गाळ होईल. एक भाग उकळा, निळेपण जाईल. तिसरा खिडकीत उन्हात ठेवा, थोड्या दिवसांत फिका पडेल. मी मघाशी म्हणाले होते, तो प्रथिन आहे. अंडं उकडल्यावर परत पातळ होत नाही, तसंच हे. म्हणून तो आइस्क्रीममध्ये चालतो, जिलबीच्या पाकात चालत नाही.

आम्ही दीड लाख भरले नाहीत. पण काकूंना चैन पडेना. त्या म्हणाल्या, "शेवया करतो तसंच आहे की, थोडं करून तर बघू." मग मी कृषी विज्ञान केंद्रात विचारायला गेले. आपल्या जिल्ह्यात ती बारामतीला आणि नारायणगावला आहेत, प्रश्न घेऊन जायला पैसे लागत नाहीत. म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेत १९७० च्या दशकापासून ह्या शेवाळावर काम झालंय, त्यांची माहितीही वाचली. आणि दोनशे लिटरचा एक उथळ टब मांडला. दोनशे लिटर पाण्याला सव्वातीन किलोच्या आसपास खायचा सोडा, थोडं मीठ, नत्र, स्फुरद, पालाश आणि चिमूटभर हिराकस. ही द्रव्यं खाण्याच्या दर्जाची घ्यायची, खताच्या गोणीतली नाही. मग विरजण. हो, आम्ही त्याला विरजणच म्हणतो. दह्यासारखंच आहे ते. चांगलं विरजण असेल तर दही चांगलं, आणि एकदा लागलं की त्यातलंच पुढं घालायचं. दिवसातून चार-पाच वेळा ढवळायचं, पीएचची पट्टी बुडवून बघायची, दहाच्या आसपास राहिली पाहिजे. दाट झालं की बारीक कापडातून गाळायचं, धुवायचं, फडक्यात बांधून वजन ठेवायचं आणि मग सोऱ्यातून शेवयांसारखं पाडून वाळवायचं. ते सोऱ्याचं वाचून काकू हसायला लागल्या, सोऱ्या त्यांच्याच घरचा. कडक उन्हात वाळवलं तर निळं उडतं, म्हणून सावलीत, वाऱ्यावर, वर पातळ कापड. पौष महिन्यात थंडी पडली तेव्हा आमची वाढ जवळजवळ थांबली. तीस ते पस्तीस अंशांत ते खूष असतं, माणसासारखंच.

पाण्याचं मात्र गमतीत घेऊ नका. हा जीव पाण्यातले जड धातू, शिसं वगैरे, शोषून घेतो. भीमेचं आणि मुळा-मुठेचं पाणी आपल्याकडे काय वाहून आणतं ते आपण रोज बघतो. औद्योगिक वसाहतीजवळच्या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय ह्या कामाला घेऊ नका. आणि कुणी म्हणालं, धरणाच्या फुगवट्यावर हिरवी साय आलीय, ती काढून वाळवू, तर त्याला हाकलून द्या. ती स्पिरुलिना नसते. त्यातली काही शेवाळं विषारी असतात, यकृतावर जातात.

अजून एक. सर म्हणाले होते, हे खाल्लं की रक्तवाढीच्या गोळ्या लागत नाहीत आणि बी-१२ मिळतं. स्पिरुलिनात प्रथिन भरपूर असतं, शंभर ग्रॅममध्ये पंचावन्न ते सत्तर ग्रॅम, लोहही असतं. पण त्यातलं बी-१२ बहुतेक अशा रूपात असतं की माणसाच्या अंगी लागत नाही. आणि दिवसाला आपण खाणार चमचाभर. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यासाठी बंद करायच्या नाहीत. गरोदर बाईनं आणि लहान लेकरांना देताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. विकायचं असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन विचारा, आपल्याला साधी नोंदणी चालते का परवाना लागतो. आम्ही अजून विकलेलं नाही.

नदीपलीकडच्या त्या वहिनींचं सांगायचं राहिलं. त्यांच्या टाकीचं प्लास्टिक चांगलं होतं. पाडव्यानंतर आम्ही दोन्ही गटांनी मिळून ती धुऊन काढली, वर शेडनेट ताणलं आणि आमच्या टबातलं विरजण त्यांना दिलं. ह्या वेळी टाकी अर्धीच भरली. पावसाळ्यासाठी वर कागद टाकायचा का पत्रा, ह्यावर दोन्ही गटांचं अजून एकमत झालेलं नाही. काकू पत्र्याच्या बाजूच्या आहेत. पत्र्याखाली ऊन कुठून येणार, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "मग पारदर्शक पत्रा आण, मिळतो तो शिक्रापुरात." त्याचा भाव विचारायला मी उद्या जाणार आहे.